काचेच्या कपाटातले रक्तदाबाचे यंत्र

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आरोग्य समता भागीदारी सन्मान काढून घेऊन रक्तदाब मोजण्याचे यंत्र परत देण्याबाबत.
संदर्भ : आपले अभिनंदनपत्र व त्यापाठोपाठ आलेली आपलीच कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. अर्जदार गल्लीच्या टोकाला शिवणकामाचे दुकान चालवते. दवाखान्याचे नाव काढताच ज्यांना घरची कामे आठवतात, अशा बायकाही बाहीच्या मापासाठी हात मुकाट पुढे करतात, हे आपल्या विद्यार्थिनींनी हेरले. त्यांनी अर्जदाराला यंत्र दिले, वापरायला शिकवले आणि मापाच्या वहीत एक रकाना वाढला. छाती, कंबर, बाही, रक्तदाब. दोन वर्षांत अकरा जणी वेळेवर उपचाराला लागल्या.

२. याबद्दल विद्यापीठाने सन्मान केला. अर्जदार भारावून गेली, हे ती नाकारत नाही. मात्र दुसऱ्याच दिवशी आपल्या कर्मचाऱ्यांनी यंत्र, वही आणि बायका बसायच्या ते स्टूल "प्रेरणादायी वस्तू" म्हणून नेले व आपल्या दालनाबाहेर काचेच्या कपाटात मांडले. दुकानात पितळी सन्मानचिन्ह उरले. त्याने काहीही मोजता येत नाही.

३. अर्जदार इस्त्रीवाल्या काकूंना कपाटापाशी घेऊन आली असता रखवालदाराने वस्तूंना हात लावू नये असे बजावले. काकूंनी बाही वर करून काचेला दंड टेकवला व पाच मिनिटे शांत उभ्या राहिल्या. निष्पन्न काही झाले नाही. काच मात्र पुसून घेण्यात आली.

४. आता तीन महिन्यांत एकही नोंद नसल्याने सन्मान का काढून घेऊ नये, अशी नोटीस आली आहे. वही कपाटात आहे. उपाय म्हणून अर्जदाराने दर गुरुवारी स्वतः कपाटात बसावे, हवेसाठी भोक ठेवले जाईल, असेही त्यात सुचवले आहे. अर्जदाराला दुकान आहे, आणि तिचा जीव गुदमरतो.

५. काकूंची शेवटची नोंद एकशे ऐंशी आहे. विद्यार्थिनींनी डॉक्टरांना दुकानात आणून गोळ्या चालू केल्या. त्या लागू पडल्या की नाही, हे कळायला मार्ग नाही. काकू रोज सकाळी येतात, सन्मानचिन्हासमोर बाही वर करतात आणि "आलं का गं आपलं यंत्र?" एवढेच विचारतात. अर्जदाराला फार भीती वाटते.

तरी सन्मान खुशाल काढून घ्यावा व यंत्र द्यावे. वही राहू द्यावी. काकूंचा आकडा अर्जदार तोंडपाठ ठेवील.

आपली नम्र,
(सही)
गल्लीच्या टोकाची शिवणवाली
दिनांक : ४ मार्च

सोबत :
१) पितळी सन्मानचिन्ह.
२) इस्त्रीवाल्या काकू. बाहेर बाकावर बाही वर करून बसल्या आहेत.