क्लिफर्डच्या बाकावरचे गृहस्थ

तीर्थरूप शकूताईस,

दिगंबराचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी गुडघे ही दोन अंगे हल्ली कुरकुरतात, तेवढी सवलत दे). तुझ्या गुडघ्याला नवे तेल लागू पडले का, ते कळव.

शेजारच्या विनिफ्रेडबाई तुला ठाऊक आहेतच. बावीस वर्षे मला ‘डिग्बी’ म्हणतात. पहिल्या दिवशी मी दुरुस्ती केली नाही, आता करणे असभ्य. त्यांचे यजमान क्लिफर्ड वारले तेव्हा इथल्या जुन्या बागेत (दीडशे वर्षांपूर्वी एका गिरणीमालकाने गावाला दिलेली, शनिवारी मी तिथे फुकट तण उपटतो) त्यांच्या नावाचे बाक ठेवले. पितळी पाटीवर लिहिले आहे, ‘याला इथे बसायला फार आवडे.’ वास्तविक क्लिफर्डना बागेचा तिटकारा होता. “पण असं पाटीवर लिहीत नाहीत, डिग्बी,” असे बाईंचे म्हणणे. दर एप्रिलात क्लिफर्डच्या वाढदिवशी, चर्चच्या अकराच्या ठोक्याला, बाई त्या बाकावर बसतात, दोन कप चहा ओततात, एक स्वतः पितात आणि दुसरा ट्यूलिपांच्या मुळाशी घालतात. (तर्पणच ते, तिळांऐवजी दूध, एवढाच फरक.) पुढच्या आठवड्यात त्या लेकीकडे कायमच्या राहायला जाणार, म्हणजे यंदाचे बसणे शेवटचे. सोबतीला मी.

पावणेअकराला पोचलो, तर बाकाच्या ऐन मध्यभागी एक टोपीवाले गृहस्थ. आपल्या वाईच्या घाटावर ‘सरका की हो जरा’ म्हटले की माणूस सरकतो आणि वर गोत्र विचारतो. इथे बसलेल्याला उठवणे म्हणजे ब्रह्महत्या नव्हे, पण तिच्या शेजारचेच पातक. बाई म्हणाल्या, “उठतील. एक फेरी मारू.” गिरणीमालकाच्या पुतळ्याला वळसा, बदकांना वळसा, पुन्हा बाक. गृहस्थांचे आसन योग्याला हेवा वाटावा असे स्थिर. “दोन्ही बाजूंना जागा आहे की,” मी म्हणालो. “अनोळखी माणसाशेजारी?” बाईंनी असे पाहिले, जणू मी त्यांना त्याच्या मांडीवर बसायला सांगितले होते. तिसऱ्या प्रदक्षिणेला अकराला चार मिनिटे उरली. बाईंनी थर्मास छातीशी धरला. “जाऊ दे, डिग्बी. क्लिफर्डला काही वाटणार नाही.” त्यांना मात्र वाटत होते, ते आवाजात कळत होते.

तेव्हा मी धीर करून पुढे झालो. रीतीप्रमाणे आधी हवा.

“ऊन बरं आहे.”

“वारा आहे मात्र.”

“दुपारी पडेल.”

“पडायला हवा.” मग त्यांनी टोपी काढली आणि हलकेच म्हणाले, “रागावणार नसाल तर सांगतो. मला उठता येत नाही.”

“गुडघे?”

“रंग.”

कोणा गाढवाने आदल्या संध्याकाळी बाक हिरवे रंगवले होते आणि सूचनेची पाटी लावली नव्हती. बिचारे नऊपासून चिकटून. “कुणाला तरी हाक मारायची नाही का,” मी म्हणालो. “ओळख नव्हती ना कुणाशी,” ते म्हणाले.

मी हात देऊन त्यांना ओढून उठवले आणि अंगावरचे उबदार वस्त्र काढून दिले. ते त्यांनी पंच्यासारखे कमरेला गुंडाळले, टोपी घातली आणि ताठ मानेने फाटकाबाहेर गेले. बागेतल्या चाळीसएक माणसांनी काहीही पाहिले नाही. (न पाहण्यात इथल्या माणसांचा हात कोणी धरणार नाही.)

आणि ताई, त्यांच्या विजारीने तेवढाच रंग टिपून नेला होता. मधोमध एका माणसापुरती कोरडी जागा! अकराचा पहिला ठोका पडला आणि बाई तिथे बसल्या. दोन कप ओतले. पण दुसरा ट्यूलिपांना न घालता माझ्या हाती दिला. “घे, गारठला आहेस. क्लिफर्डनं दिलाच असता.” मग आपल्या कपात फुंकर घालून, “नसता, खरं तर.”

भाऊजींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर

ता. क. ते उबदार वस्त्र म्हणजे माझ्या पन्नाशीला तू दिलेली जांभळ्या काठाची शाल. गृहस्थांचे नाव-पत्ता विचारायचे राहिले (ओळख नव्हती ना). सौ. सुमती पंधरा तारखेला लेकाकडून परत येते आणि आल्याबरोबर कपाट उघडते. तेव्हा तशीच दुसरी शाल तातडीने पाठव. चारदा धुऊन पाठव, म्हणजे जुनी दिसेल.

पुन्हा ता. क. ते गाढव मीच. बाईंना निरोपाची भेट म्हणून बाक रंगवायचे मला सुचले, सकाळपर्यंत वाळेल अशी खात्री होती. ‘रंग ओला आहे’ ही पाटी अजून माझ्या पिशवीत आहे. काल न राहवून बाईंपुढे कबुली द्यायला गेलो. म्हणाल्या, “ठाऊक आहे, डिग्बी. त्या दिवशी सकाळपासून तुझ्या कोपराला हिरवा डाग होता. पण असं बोलून दाखवत नाहीत.”