चकलांब्याची जांभळी रेघ

प्रिय नंदे,

हे पत्र तुला नव्या मशीनच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली सापडेल. खोक्यावर तुझंच नाव टाकलंय, कारण दूध केंद्रातल्या वायरी तुझ्याशिवाय कुणाला कळत नाहीत. टपालानं धाडलं असतं तर आबांच्या हातात पडलं असतं. तुझा फोन तर लागतच नाही. मायला विचारलं तर म्हणते, चार्जिंगची पिन गेली. आता पिन बसवायला गेवराईत दुकानं काय कमी हायत? केंद्राच्या फोनवर लावला तर केंद्र चालवणारे मोहनराव स्पीकर लावून मधे बसतात, आणि तू आपली, हो दादा, हिरवा दिवा लागला दादा, फॅटच्या पावत्या निघत्यात दादा. मला दिव्याचं विचारायचंच नव्हतं.

इथं माझं बूड खुर्चीला टिकत नाही. उठतो, पाणी पितो, परत येऊन स्क्रीनवर चकलांबा उघडतो. शेजारचा मुरुगन म्हणतो, तुझ्या गावात इलेक्शन आहे का रे, सारखं काय बघतोस? इलेक्शन नाही. दुपारच्या सुट्टीत तू केंद्राच्या नेटवर लावायचीस तो नर्सिंगच्या परीक्षेचा क्लास बंद झालाय, आणि कावून बंद झालाय ते मला कळंना.

तू म्हणशील, बंगळुरात बसून याला कसं दिसलं? मायनं तर गावभर सांगून ठेवलंय की पोरगं व्हॅनवर हाय. आपल्या कामाचं नावच तसं, एसडी-वॅन. चाकं नाहीत त्याला. आधी बोअरच्या गाडीवर कामाला होतो तेव्हा खाली काय आहे ते कुणालाच दिसायचं नाही, नारळ फिरवणारा सांगेल तिथं पाणी. लागलं तर त्याचं नाव, नाही लागलं तर मशीनला शिव्या. पूर्वी नेटचंही तसंच होतं. मंद झालं की सगळे तारेला शिव्या देणार, आत काय चाललंय ते कुणाला ठाऊक नाही. आता कंपनीच्या प्रत्येक दूध केंद्रात ते मशीन आहे. त्याला दोन वाटा, एक गेवराईकडून आलेली फायबर आणि दुसरी सिमची. आतून जाणारं काय आहे ते मशीन ओळखतं. हे दुधाचं, हे कॅमेऱ्याचं, हा कुणीतरी लावलेला व्हिडिओ. ज्याला जी वाट झेपेल तिकडं धाडतं, आणि इथं माझ्या स्क्रीनवर प्रत्येकाची वेगळ्या रंगाची रेघ उमटते. मी काय साहेब नाही बरं का. नियम आमच्या मॅडम लावतात. महाराष्ट्रातल्या केंद्रांशी मराठीत बोलून ही वायर काढा, ती लावा, एवढं सांगायला मला ठेवलंय. सातवीतून उसाच्या फडात गेलेल्या पोराला एसीत बसवलंय हेच लई झालं.

श्रावणातलं आठवतं ना? पावत्या निघेनात, लोक कॅन घेऊन उन्हात उभे, आणि मोहनराव माझ्यावर डाफरतायत, तुमची कंपनीच भिकार, आमच्या इथं कुणी काही बघत नाही. ते हे बोलत होते आणि त्यांच्या मागून फोनमधे कुस्तीचा निवेदक ओरडत होता, धोबीपछाड, धोबीपछाड. केंद्रातला आश्रुबा बिचारा दुपारभर कुस्तीच्या मैदानांचे व्हिडिओ लावून बसलेला. तवापासून मॅडमनी नियम केला, दूध फायबरवर आणि व्हिडिओ सगळा सिमवर, म्हणजे कुणाचं कुणाला आडवं यायला नको. मी तेव्हाच भीत भीत तुझ्या क्लासचं विचारलं होतं. मॅडम हसल्या. जेवणाच्या सुट्टीत चालू दे म्हणाल्या, आणि त्या रेघेला चकलांबा क्लास असं नावच देऊन टाकलं. जांभळी रेघ. ती वर चढली की मी जेवायला बसायचो. तिकडं तुझी भाकरी, इकडं माझा सांबार-भात. फडावरच्या कोपीत आपण दोघं एका ताटात खायचो तसंच वाटायचं. तुला हे कधी बोललो नाही.

पोळा झाला आणि रेघ सपाट झाली. मला वाटलं, लाइनचा बिघाड. दोष शोधायची सवयच लागलीय. तुला फोन करून वायरी काढायला लावल्या, पुन्हा लावायला लावल्या. सिमवाल्या कंपनीशी भांडलो. मॅडमना म्हटलं, तुमच्या नियमातच घोळ आहे, त्यांनी सगळा नियम उघडून दाखवला. घोळ काहीच नव्हता. दूध जात होतं, कॅमेरा जात होता, आश्रुबाच्या कुस्त्यासुद्धा जात होत्या. फक्त तूच नव्हतीस.

मग संगीता मावशीच्या फोनवरून कळलं. तुझं ठरवतायत, मोहनरावांच्या मेहुण्याच्या पोराशी, अजिनाथशी, आणि तेही दसऱ्याच्या आत. घरातल्या एकानंही मला सांगितलं नाही. माय रोज म्हणते, समदं ठीक हाय, तू जेवलास का.

आबांचं मला कळतं गं. दसरा झाला की ते आणि माय कोयता घेऊन निघणार. आजी होती तोवर तुला तिच्यापाशी ठेवता येत होतं. आता तरणी पोर एकटी घरात ठेवून माणूस फडात ऊस कसा तोडील, असं ते मावशीला म्हणाले. अजिनाथच्या घरीही घाई आहे. एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो, जोडीदारीण आली की पुरा. आपल्याकडची निम्मी लग्नं अशीच दसऱ्याच्या तोंडावर लागतात आणि हळदीच्या अंगानं पोरी फडात जातात. आबांनी आपली नावं मात्र युवराज आणि राजनंदिनी ठेवली.

मावशीचा फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. आबांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवून नंबर लावला. पहिली रिंग गेली आणि मीच कट केला. कारण मला एकाएकी वाटलं, मला माहीत काय आहे? अजिनाथ वाईट पोरगा नाही. शाळेत माझ्याच बाकावर होता, मार खायची वेळ आली की माझ्याआधी आपला हात पुढं करायचा. तुला तो पसंतही असेल. क्लासचा कंटाळा येऊन तू आपणहून बंद केला असशील. मला रेघ थांबलेली दिसते. ती आबांनी थांबवली, मोहनरावांनी थांबवली, की तू, हे दाखवणारा रंग आमच्याकडं नाही. आणि मी इथनं आबांशी भांडून तुझं ठरलेलं मोडलं असतं, तर मोहनरावांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

म्हणून हे पत्र लिहिलं. सोमवारी मशीन बसवायला मी फोन करीन. स्पीकरवर नेहमीसारखंच बोल, हो दादा, दिवा लागला दादा. मग मोहनराव जेवायला घरी गेले की बघ. हे लग्न नको असेल तर क्लास लाव. बघू नकोस, ऐकू नकोस, नुसता चालू ठेव. जांभळी रेघ चढली की मी त्याच संध्याकाळी बस धरतो. मॅडमशी बोलून ठेवलंय, सीझनभर मी घरी राहीन, म्हणजे पोर एकटी आहे असं आबांना म्हणता येणार नाही. नोकरीचं पुढं बघू. आणि लग्न तुला हवं असेल तर काहीच लावू नकोस. मी हळदीला साडी घेऊन येईन, अजिनाथच्या गळ्यात पडेन, कुणावर रागावणार नाही. मधे तार तुटली तर मला तुटल्याचं वेगळं दिसतं, त्याची काळजी नको. फक्त एक कर नंदे. आबांना काय वाटेल, लोक काय म्हणतील, म्हणून हात मागं घेऊ नकोस. खुशीनं गप्प राहिलेली पोरगी आणि भिऊन गप्प राहिलेली पोरगी, माझ्या स्क्रीनवर दोघी सारख्याच दिसतात.

तुझाच,
युवराज