घरापुरता विसराळूपणा

प्रिय ठमे,

माझं पाकीट घरी न येता तुझ्या शाळेच्या ग्रंथालयात आलेलं बघून चक्रावली असशील. ताईला म्हातारचळ लागला म्हणून हसलीही असशील. हस, पण पत्र तिथेच बसून पूर्ण वाच आणि घरी नेऊ नकोस. मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस की हल्ली तुझं डोकं ठिकाणावर नसतं, किल्ल्या फ्रिजमध्ये सापडतात, इस्त्री चालूच राहते, तेव्हा माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांना मी जे चिठ्ठ्यांचं शिकवते ते तुलाही शिकवावं. मी हो म्हटलं. तेच लिहायला बसलेय गं.

चिठ्ठ्यांचं तसं सोपं आहे. ज्याला सारखं वाटतं की दार उघडंच राहिलं, त्यानं दार एकदाच लावायचं, हात लावून खात्री करायची, चिठ्ठीवर वेळ लिहायची आणि पाठ फिरवायची. परत बघायला जायचं नाही. जीव कासावीस होतो, होऊ द्यायचा. पंधरा-वीस मिनिटांत आपोआप शांत होतो. आठवड्याभराच्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे यायचं आणि भीती किती वेळा खरी ठरली ते मिळून बघायचं. बहुतेक वेळा एकदाही नाही. शाळेत निघताना तू कंपासपेटी घेतली का म्हणून दहादा दप्तर उचकायचीस आणि मी तुला हेच सांगायचे, आठवतं? बावीस वर्षं हे काम करतेय. माणसं खरंच बरी होतात. म्हणूनच मी इतकी बेफिकीर झाले असेन.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं त्यांचं काम. त्यांना विचारूनच हे लिहितेय, एरवी आमच्या कामात असं बोलणं म्हणजे विश्वासघात. त्यांचंही तुझ्यासारखंच, आज हे विसरलं, उद्या ते. नवरा दर वेळी सोडायला यायचा, बाहेरच्या बाकावर मुकाट बसायचा, निघताना माझे आभार मानायचा. देवमाणूस म्हणायचे मी त्याला, काय सांगू तुला! बाई एकदा म्हणाल्या की दुकानात त्यांच्या हातून पाव नंबराचीसुद्धा चूक होत नाही, विसरणं फक्त घरीच. मी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, घरातला ताण. मोठी शहाणी ना मी!

मग काही चिठ्ठ्या खोट्या ठरायला लागल्या. बाईंच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, गॅस बंद केला, एक वाजून दहा मिनिटं. नवरा सांगायचा, चालूच होता, मी आलो म्हणून बरं. मी कुणावर विश्वास ठेवला असेल? बाकावरच्या माणसावर. त्याला बायकोच्या नावावरच्या जागेच्या कामासाठी पत्र हवं होतं, तेही दिलं. या बाईंच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहता येत नाही, असं. खाली माझी सही आणि शिक्का.

दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी बाईंनी जेवण उरकून ओटा पुसला, गॅस बंद केला, वेळ लिहिली आणि आतल्या खोलीत जाऊन पडल्या. थोड्या वेळानं वास आल्यासारखं वाटलं. उठून बघावंसं वाटलं. पण परत बघायचं नाही, हे मी शिकवलं होतं. म्हणून त्या तशाच पडून राहिल्या, जीव शांत व्हायची वाट बघत. शेजारणीनं खिडकीची काच फोडली म्हणून वाचल्या. इस्पितळात नवरा रडत रडत डॉक्टरांना माझं पत्र दाखवत होता. पण बाई आत पडल्यावर, घरातून निघायच्या आधी, त्याच शेजारणीनं त्याला खिडकीतून शेगडीशी वाकलेलं बघितलं होतं. तिचा जबाब झालाय आणि तो आता कोठडीत आहे. बाईंना अजून बोलताना धाप लागते, आणि त्या मला एका शब्दानं दोष देत नाहीत. तेच सोसवत नाही.

आता तुझं सांग. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, हे तू डोळे मिटून सांगतेस. दहा वर्षांपूर्वी कुणी काय परत केलं नाही तेही. मग घराचा उंबरा ओलांडला की तुला काय होतं? तू विसरायला लागलीस कधीपासून, तेही मी आठवून पाहिलं. आईनं तुझ्या नावावर केलेलं घर विकायला तू नवऱ्याला नाही म्हणालीस, त्यानंतर. त्याआधी एकदाही नाही, ठमे. मी चुकत असेन तर जन्मभर चिडव मला, पाया पडून माफी मागेन जावईबापूंची. देवा, मी चुकतच असू दे.

पण काल त्यांचा फोन आला. नेहमीसारखंच गोड, ताई ताई करत. घराच्या कागदपत्रांसाठी माझ्या सहीशिक्क्याचं पत्र हवंय म्हणाले, तुझ्या आठवणीवर विसंबता येत नाही अशा दोन ओळी. आणि तुला सांगू नका, तुला वाईट वाटेल. मी म्हटलं, उद्या देते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. समोर बसून सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू मला गप्प केलं असतंस आणि त्यांना फोन लावला असतास, म्हणून लिहिलं, आणि पाकीट स्वतः तुमच्या शाळेच्या ऑफिसात हातात देतेय. पर्स घे, फोन बंद कर आणि बाहेर ये. कपडे आणायलाही घरी जायचं नाही. मी शाळेच्या फाटकासमोर गाडीत बसलेय, तू येईपर्यंत हलणार नाही.

तुझीच,
ताई