बागेचं दार

४ फेब्रुवारी
वृद्धाश्रमात ताण घालवायचा पहिला वर्ग फसला! "खांदे सैल सोडा, श्वास मोजा," मी म्हणत होते. कंडक्टरकाका म्हणाले, "मोजून झाले, बाई. आता बागेत कधी सोडताय?" (आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली त्यांनी, आवाज अजून तसाच.) सगळे हसले. माझे कान लाल.

महिन्यापूर्वी एक आजोबा बागेत घसरून पडले. तेव्हापासून दाराला कुलूप. कोणाला झोप नाही, कोणी जेवत नाही. वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक मला म्हणाले, "कुरकुर न करता राहायला शिकवा त्यांना. त्यासाठीच तुम्हाला घेतलंय." मी मान हलवली. का हलवली?

६ फेब्रुवारी
आईचा फोन. "साहेबांना उलटून बोलू नकोस हं. आपल्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी पहिली तूच." फोन ठेवून मीच श्वास मोजत बसले. आणि ताण कसा घालवायचा ते शिकवणार कोण – तर मी!

९ फेब्रुवारी
आज म्हटलं, जे हातात नाही ते सोडून देऊ. हातात काय आहे ते सांगा.

"कुलूप नाही," माजी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"खुर्च्या आहेत की!" कंडक्टरकाका उठलेच. "चला, पुढे सरका, पुढे!"

काठ्या, वॉकर, खुर्च्या – अख्खा वर्ग बागेच्या दारासमोर! मी अडवायला हवं होतं. मी दोन खुर्च्या उचलल्या.

व्यवस्थापक धावत आले. "हे काय चाललंय?"

"वर्ग."

"इथे?"

"ताण जिथे आहे तिथेच घ्यावा लागतो, सर." आवाज कापत होता. कापू दे!

"तुमची नोकरी अजून कच्ची आहे, विसरू नका."

नाही विसरले. उद्याही इथेच.

१० फेब्रुवारी
इथेच.

१५ फेब्रुवारी, रविवार
भेटायचा वार. मुलं, सुना, नातवंडं आली आणि बघतात तर काय – आपली माणसं कुलपासमोर ओळीनं डोळे मिटून बसलेली! एका लेकीला रडूच फुटलं. एक जावई तावातावानं ऑफिसात शिरला, त्याच्यामागे बाकीचे. व्यवस्थापक काचेतून माझ्याकडे बघत होते. मी उठणार, तर मुख्याध्यापिकाबाई एक डोळा उघडून कुजबुजल्या, "बस गं खाली. श्वास चालू ठेव."

१७ फेब्रुवारी
वर्गाला कोणीच आलं नाही. एकही नाही! बागेचं दार सताड उघडं.

हजेरीत सगळ्यांपुढे 'हजर' लिहिलं. वर्गाच्या खोलीला कुलूप लावलं आणि मीही बागेत निघाले.