पेल्यावरच्या लाल रेघा

प्रिय विसराळूबाई,

तुझा डबा पोचला. पुन्हा कडक बिस्किटं! आजीच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, हे तुला किती वेळा सांगायचं? एवढी शिकलीस आणि आजीचं तोंडच विसरलीस. चहात बुडवली, ती तळाला गेली, मग चमच्याने उकरून खाल्ली. चांगली होती.

बापाविषयी एक अक्षर कळवायचं नाही, असं तू बजावलं होतंस. पण मला हल्ली कमी ऐकू येतं.

तू घर सोडलंस आणि त्याचं पाट्या रंगवणंही सुटत गेलं. ज्याचं अक्षर थरथरतं त्याला कुठला दुकानदार पाटी देईल? सकाळी ब्रश धरायला दारूचा घोट लागायचा, आणि घोट पोटात गेला की ब्रश नकोसा व्हायचा. एक दिवस तोच म्हणाला, आई, मला दवाखान्यात ने. आपणहून म्हणाला, हे नीट वाच. दोन बस बदलून गेलो. खिडकीतल्या बाईने नाक मुरडलं, पिऊन आलेल्याला घेत नाही म्हणाली, आधी सोडा, मग या. अगं, सोडता आली असती तर आम्ही काय तिचं तोंड बघायला गेलो होतो? पण मोठ्या दवाखान्याचं ऐकायला हवं म्हणून त्याला घरात बसवलं, थेंब दिला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. आमचा नंबर यायच्या आत बाकावरच त्याला झटका आला आणि तो तोंडावर फरशीवर आपटला. टाके घातले, झटका थांबवला आणि घरी धाडलं. दारू सोडवायच्या वॉर्डात खाट रिकामी नव्हती. येताना त्याने बाटली घेतली. मी अडवलं नाही.

मग कितीतरी महिन्यांनी आपल्या शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एक नर्स बसायला लागली. वास आला तरी ती आधी खुर्ची पुढे करते. म्हणाली, आजी, एकदम तोडायची नाही, जीव जाईल. मला वाचता येत नाही म्हणून तिने पेल्यावर नखांच्या लाल रंगाने रेघा ओढल्या. दारू रोज एक रेघ खाली, वर तिच्या गोळ्या. घरी येऊन नाडी बघून जायची. शेजारीण जिन्यात म्हणाली, आई असून स्वतःच्या हाताने पाजतेस? म्हटलं, बाई गं, जन्मल्यापासून मीच पाजतेय याला. ती हसली नाही. घरात आल्यावर मलाही हसू आलं नाही. ओतताना मी पेला डोळ्यांपाशी धरून रेघ बघायचे.

खालची रेघ कधीच संपली. पेला फळीवर पालथा पडलाय. पण पोट फुगतं, पाय सुजतात. डॉक्टर म्हणतात, लिव्हर गेलंय, दारू सुटली म्हणून ते परत येणार नाही. मी नर्सला म्हटलं, तुझी खोली जरा आधी उघडली असती तर? ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला कळलं.

आता खरं कारण. माझी पत्रं शिंपी लिहून देतो. हे अक्षर त्याचं नाही, हे ओळखलं असशील, नसशीलही. तुझ्या वह्यांवर ज्याने तुझं नाव रंगवलं, त्याचं आहे हे. वाकडं झालंय, पण थेंब न घेता लिहिलंय. लिव्हरपाशी पेन थांबलं, तेव्हा म्हटलं, लिही, मी सांगते तस्संच लिही. माफीही लिही म्हटलं, तर म्हणतो, ती कागदावर नको, पोरगी आली तर तोंडाने मागेन. म्हणून लवकर ये. पाय इकडे वळतच नसेल तर निदान डबा पाठव. पण बिस्किटं नकोत. मऊ केक पाठव, आणि दोघांना पुरेल एवढा. त्या फरशीने त्याचेही पुढचे दात नेले. आता घरात दोन बोळकी आहेत.

तुझीच,
त्यातली थोरली