गालिच्याशिवाय मार खाणार नाही

तार्नोग्राब,
मरियामातेच्या पेरणीच्या सणानंतरचा तिसरा दिवस

आदरणीय साटर्निन काका,

तुमचे दोन्ही गुडघे कवळून नमस्कार. काकूंचेही कवळले असते, पण त्या लाथ झाडतील हे मला इतक्या लांबूनही दिसतं आहे. पत्र लिहायला दोन वर्षं आणि चार महिने उशीर झाला, हे आधीच कबूल करतो. लिहायचं तर रोज ठरत होतं. एकदा शाई गोठली, एकदा शाई होती तर कागदात कुणीतरी सॉसेज गुंडाळलं, आणि एकदा 'आदरणीय काका' इथपर्यंत लिहूनही झालं होतं, तेवढ्यात बाहेर अस्वलवाला आला. (काय नाचत होतं ते अस्वल! मी तीन गावं त्याच्या मागे गेलो.) काकूंना सांगा, त्यांची पांढरी हंसीण मी चोरली नव्हती. तुम्हाला पत्र लिहायचं तर पिसाची लेखणी हवी, आणि पिसं ताजी राहावीत म्हणून मी अख्खी हंसीण बरोबर घेतली. तिसऱ्या मुक्कामाला आम्हा दोघांनाही कडकडून भूक लागली, आणि दोघांपैकी एकालाच जेवता येईल अशी परिस्थिती होती. हे पत्र तिच्याच शेवटच्या पिसानं लिहितो आहे, म्हणजे ती सत्कारणी लागली असं समजावं.

तुमचा गुडघा कसा आहे? घोडीचा खोकला? आजोबांची तलवार म्यानातून निघाली, की अजून गंजून आत तशीच बसली आहे? पलंगावरच्या भिंतीवरच्या गालिच्याला कसर लागू नये म्हणून काकू अजून तंबाखूची पानं खोचतात ना? (हे शेवटचं आपलं सहज विचारतो आहे.) मी मजेत आहे. थोरल्या सरकारांच्या, म्हणजे तार्नोग्राबस्की उमरावांच्या महालात मला स्वतंत्र खोली आहे, देवडीच्या वरची. दाराला कडी आहे. ती बाहेरून आहे. दोन वेळा जवाची पेज आणि कोबीचं आंबट सूप मिळतं. शिवाय माझ्या पाठीवर पन्नास फटके ठरलेले आहेत, ते मात्र मिळत नाहीत. ते मिळावेत म्हणून मी आज नऊ दिवस भांडतो आहे.

घाबरू नका काका, मी शुद्धीवर आहे. क्रमानं सांगतो.

अस्वलामागे फिरत फिरत मी इथं पोचलो. थोरल्या सरकारांकडे आपल्यासारखे दोनशे अनवाणी उमराव (वंशावळ लांब, खिसा रिकामा) पडून असतात. काम काही नाही. सरकार शिंकले की 'शंभर वर्षं जगा' म्हणायचं, आणि परगण्याची सभा भरली की सरकार सांगतील त्या गोष्टीला 'मान्य!' म्हणून ओरडायचं. सभेपुरते सगळ्यांना कोठीतून पिवळे बूट मिळतात, संध्याकाळी परत करायचे. माझ्या वाट्याला एक बूट राक्षसाचा आला आणि एक बाहुलीचा. तक्रार केली तर कारभारी ड्रोज्ड म्हणाले, "बंधुराज, तुम्हाला चालायचं नाहीये, ओरडायचं आहे." (हे ड्रोज्ड मूळचे आपल्यासारख्याच एका खेड्यातले, पण आता त्यांना पोट आलं आहे. हे पत्र बाहेर जाण्याआधी तेच वाचणार. नमस्कार, ड्रोज्ड बंधुराज! चष्मा पुसून घ्या, पुढे तुमचं नाव फार वेळा येणार आहे.)

सभा नेहमीप्रमाणे चर्चमध्ये भरली. सरकारांच्या जावयाला परगण्याचा प्रतिनिधी म्हणून राजधानीला पाठवायचं होतं, आणि त्याच्याबरोबर कलमांचं एक भेंडोळं द्यायचं होतं. कलमं लॅटिनमध्ये. लॅटिन मी दीड वर्ष शिकलो आहे (पाद्रींनी हाकललं नसतं तर दोन झाली असती), त्यामुळे मला एकाआड एक शब्द कळतो. दहा कलमांना मी मनापासून 'मान्य!' ओरडलो. अकराव्याच्या वेळी मी खिडकीत अडकलेली पाकोळी बघत होतो. ती पुन्हा पुन्हा रंगीत काचेतल्या एका संताच्या नाकावर आपटत होती. तेवढ्यात 'नांगर', 'स्वतःच्या हातानं' आणि 'यापुढे नाही' असे तीन तुकडे कानावर आले. शेजारच्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "जो स्वतः नांगर धरतो तो यापुढे उमराव नाही. त्याला मत नाही, त्यानं कर भरायचा आणि आठवड्याचे तीन दिवस सरकारांच्या शेतावर राबायचं. तुला काय करायचंय? ओरड की!"

काका, माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहिलात. नांगरताना चिखल लागू नये म्हणून बांधावरच्या सफरचंदाला तलवार अडकवून ठेवणारे तुम्ही. आपलं अख्खं प्लिष्की गाव दिसलं. बेचाळीस घरं, बेचाळीसही आडनावानं प्लिष्का, आणि सगळ्यांचे मिळून बुटांचे अकरा जोड. राजा निवडायला तुम्ही उसन्या घोडीवर गेला होतात, तेही दुसऱ्याच्या मागे बसून, आणि तरी तुमचं मत तराजूत थोरल्या सरकारांच्या मताइतकंच भरलं होतं. हे सगळं एका कलमात जाणार? मी दोन्ही बूट काढले, वेदीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवले, अनवाणी बाकावर चढलो आणि ओरडलो, "मान्य नाही!"

संपलं. एका उमरावानं नाही म्हटलं की सभा मोडली, हा आपला कायदा. जावई हातात भेंडोळं घेऊन तसाच उभा. (सरकारांचा फ्रान्सहून आणलेला न्हावी म्हणतो, असल्या कायद्यानं तुमचा देश एक दिवस बुडेल. बुडेलही. पण तो बुडवायचा हक्क प्लिष्कांचा आहे, न्हाव्याचा नाही.) मग दोनशे तलवारी उपसल्या गेल्या आणि मी समोरच्या पापनिवेदनाच्या खोक्यात शिरलो. तिथून मागच्या दारानं सहज निसटलो असतो, पण एका म्हातारीनं पाद्री समजून जाळीतून मला पापं सांगायला सुरुवात केली. सुनेच्या लोण्यात तिनं काय मिसळलं होतं ते यायच्या बेतात होतं. अशा वेळी उठणं बरं दिसत नाही. मी पकडला गेलो. लोण्याचं राहूनच गेलं.

आता यातली मेख. नियम तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण ड्रोज्ड बंधुराज विसरलेले दिसतात. सरकारांच्या दारात रयतेला मारायचं तर उघड्या फरशीवर, आणि उमरावाला मारायचं तर गालिचा अंथरून. चाबूक तोच, हात तोच, पाठही तशीच. पण फटके वरून येतात आणि अब्रू खालून असते. सरकारांच्या वकिलानं हिशेब मांडला. मला गालिच्यावर मारलं, तर मी उमराव ठरलो, म्हणजे माझं 'नाही' खरं आणि सभा मोडली. फरशीवर मारलं, तर मी चर्चमध्ये घुसून आरडाओरडा करणारा एक गावंढळ, म्हणजे सभा शाबूत आणि अकरावं कलमही शाबूत. नुसतं पकडून फरशीवर पाडायचं, तर ते दोनशे जण पेज सरकारांची खातात, पण पाठी त्यांच्याही आहेत. एका उमरावाला जबरदस्तीनं फरशीवर घेतलं तर उद्या आपली पाळी, एवढं त्यांना कळतं. म्हणून 'फरशी चालेल' हे माझ्याच तोंडून यायला हवं आहे.

ड्रोज्ड रोज येतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "तीनच फटके, ओनुफ्रीबाबा. मीच मारतो, माशी हाकलल्यासारखे. वर पिवळे बूट कायमचे तुझे, दोन्ही एका मापाचे." मी म्हणालो, "पन्नास. आणि गालिचा." "एक फटका." "पन्नास." "बरं बाबा, फटका नाहीच, नुसता क्षणभर आडवा हो!" "साठ!" त्यांनी डोक्याला हात लावला. कुणी दयाळू माणसानं माझ्याखाली गुपचूप काही सरकवू नये, म्हणून सरकारांनी महालातले ऐंशीच्या ऐंशी गालिचे गुंडाळून धान्याच्या कोठारात कुलूपबंद केले आहेत. आता थंडगार दगडावरून अख्खा महाल टाचा उचलून चालतो. सरकारांना पडसं झालं आहे, आणि दोनशे उमरावांचे घसे 'शंभर वर्षं जगा' म्हणून म्हणून बसले आहेत. मी फरशीवर पाठ टेकत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर झोपतो. परवा मला खाली नेलं तेव्हा जिन्यावर तेल सांडलेलं होतं, पण मी कठडा सोडत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

तेव्हा काळजी नसावी. मी काहीही मागत नाही, प्लिष्का मागत नसतात. फक्त गावात सांगा की ओनुफ्री अजून उभा आहे. थोरामोठ्यांना माझा नमस्कार, कुत्र्याच्या कानामागे खाजवावं.

तुमचा पुतण्या, जन्मानं आणि हट्टानं उमराव,
ओनुफ्री प्लिष्का

ता. क. एक मागणं आहे. गालिचा कुणाचा असावा हे नियमात कुठंच म्हटलेलं नाही. तेव्हा आपल्या भिंतीवरचा, आजोबांनी लढाईत तुर्की वजिराच्या तंबूतून जिंकून आणलेला गालिचा ताबडतोब पाठवा. काकू नाही म्हणतील. त्यांना सांगा, त्यात लाल रंग भरपूर आहे आणि जे काही सांडेल ते लाल भागावरच सांडेल, याची मी जातीनं काळजी घेईन.

ता. क. दुसरा. वरचं सगळं वाचून ड्रोज्ड धावत वर आले. बगलेत कारभाराची जुनी वही, चेहरा लग्नातल्यासारखा. म्हणाले, "वजिराचा तंबू काय! ऐक!" आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं: 'इग्नात्सी प्लिष्का, सरकारांच्या कोंबड्यांना दारू पाजल्याबद्दल तीस फटके, तुर्की गालिच्यावर. त्याच दुपारपासून गालिचा बेपत्ता.' "चोर आहात, पिढीजात चोर!" आजोबांचंच नाव ते, मला आधी वाईट वाटलं. लहानपणापासून त्या वजिराची दाढीसुद्धा मला पाठ आहे. (काका, तुम्हाला हे ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर तुम्ही दाढीचं वर्णन फार सुरेख करायचात.) मग मी म्हणालो, "बंधुराज, पहिलं वाक्य परत वाचा." त्यांनी वाचलं. "सावकाश. कशावर म्हणालात?" त्यांनी पुन्हा वाचलं, वही मिटली, आणि ते हळूच खाली बसले. उघड्या फरशीवर बसले, याची नोंद घ्यावी. आजोबा उमराव असल्याचं सरकारांच्याच वहीत, सरकारांच्याच शाईनं लिहिलेलं आहे. वजीर गेला तर जाऊ दे! जी लढाई आजोबांनी लढली नाही, तिच्यापेक्षा ज्या कोंबड्यांना त्यांनी दारू पाजली, त्या आपल्याला जास्त उपयोगी पडल्या.

ता. क. तिसरा. शाई वाळायच्या आत देवडीखाली घोडी खोकली. तो खोकला मी कुठंही ओळखेन. काका, अंथरुणावरून मान वळवून बघा, भिंत रिकामी आहे. काकू आल्या आहेत! अस्वलवाला आपल्या गावात आला होता, त्यानं सगळं सांगितलं म्हणे. (तुम्हाला निरोप आहे: कोबीचं पिंप उघडं ठेवू नका.) चौकाच्या मध्यावर त्यांनी गालिचा अंथरला, तंबाखूची पानं झटकली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. भोवतीच्या दोनशे उमरावांनी टोप्या काढल्या. ड्रोज्ड वही नाचवत खाली गेले आणि ओरडले, "हा गालिचा सरकारांचा आहे! इथूनच पळवलेला आहे!" काकू म्हणाल्या, "असेल. मग आज सरकारांनीच अंथरला, असं लिहा त्या वहीत." गळ्याला लोकरी पट्टा गुंडाळलेले सरकार खिडकीत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली. माझ्या दाराची कडी आत्ताच कुणीतरी काढली. खालून काकूंनी दोनदा हंसिणीबद्दल विचारलं, ते मी ऐकलं नाही. आता म्हणताहेत, "ओनुफ्री! चिखलाच्या पायांनी गालिच्यावर आलास, तर पहिले दहा माझे!" पाय धुवायला जातो.