कागदावर नसलेलं नाव

३ डिसेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहायला बसले. फोनवर आपण दोघी एकमेकींचं ऐकून घेत नाही, आणि माझा डावा कान आता शोभेपुरताच राहिलाय. कागदावर निदान मधेच तोडता येत नाही.

चिमीचा खोकला गेला का? तू औषधं पॅक करायच्या कारखान्यात, आणि पोरीला महिनाभर खोकला. याला काय म्हणावं? चिडू नकोस. सासू आहे, एवढं तर बोलणारच.

इकडे आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक डोळा अजून पट्टीत आणि दुसरा पहिल्यापासून अधू. मागच्या आठवड्यात एका मयताला त्यांनी गीताचा नंबर चुकीचा सांगितला आणि ऑर्गनवाल्याने लग्नाचं गीत सुरू केलं. थांबवायचं धाडस कोणालाच होईना. सगळ्यांनी शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं, विधवेनेसुद्धा. तुझे सासरे असते तर तिथेच फिस्सकन हसले असते आणि मला चिमटा काढावा लागला असता.

तर या भानगडीमुळे वर्षअखेरच्या उपासनेत यंदा वारलेल्यांची यादी वाचायचं काम माझ्याकडे आलंय. तुला आठवत असेल, एकेक नाव घेतलं की त्या घरचे उठून उभे राहतात आणि यादी संपेपर्यंत उभेच असतात. वाचायला मी तुझ्या नवऱ्याबरोबर शिकले. तो पहिलीत आणि मीही पहिलीत. पुढे तो वर्ग बदलत गेला आणि मी त्याची जुनी पुस्तकं घेऊन त्याच्या मागे एक वर्ष चालत राहिले.

यादी मीच लिहितेय. तेरा नावं झाली. चौदावं त्याचं लिहायचं आहे. बोगदा कोसळून सात महिने झाले. आत पाच जण होते, तिघांना काढलं. आपला आणि इस्त्रीवालीचा पोरगा लंबू आतच राहिले. अठरा दिवसांनी शोध थांबवून बोगद्याचं तोंड काँक्रीटने बुजवलं तेव्हा तू आणि मी तिथेच उभ्या होतो. पाळकसाहेब म्हणतात, बायकोच्या संमतीशिवाय नाव घेता येणार नाही. म्हणून विचारते. होकार लवकर कळव.

चिमीला पापा. माझ्यावर रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी,
आई


१० डिसेंबर

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चिमीचा खोकला गेला. औषधाच्या कारखान्यात मला फक्त गोळ्या मोजायला ठेवलंय, द्यायला नाही.

पाकिटावर माझ्या नावाआधी सौ. नव्हतं. आठ वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही विसरणाऱ्यातल्या नाही. पत्र उघडायच्या आधीच आत काय असेल ते मला कळलं.

आई, माझा नकार आहे. नाव घेऊ नका.

मी वेडी नाही. काँक्रीटचा ट्रक मीही पाहिला. ते परत येतील असं मी कोणाला सांगत नाही. पण चिमीला मी सांगितलंय की बाबा लांब कामावर आहेत आणि तिथे फोन लागत नाही. सात वर्षांची आहे ती. मार्चमध्ये तिची परीक्षा झाली की मी सांगेन. माझ्या तोंडाने, माझ्या पद्धतीने. आम्ही माझ्या भावाकडे राहतो आणि वहिनीचं माहेर तुमच्याच गावात, हे तुम्हाला माहीत आहे. वर्षअखेरीला ती सगळी तिकडेच असतात. तिची दोन्ही पोरं त्या बाकावर बसणार, नाव ऐकणार आणि घरी आल्या आल्या चपला काढायच्या आत चिमीला सांगणार. माझ्या लेकीला बाप गेल्याचं दहा वर्षांच्या आतेभावाने... चुकले, मामेभावाने सांगावं? बघा, मला नातीसुद्धा धड सुचत नाहीत.

मला रजा नाही, नाहीतर मीच येऊन तुमच्या हातातला कागद काढून घेतला असता.

राग मानू नका. मानला तरी चालेल, पण एवढं ऐका.

तुमची,
सून


१६ डिसेंबर

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सौ. मी मुद्दाम गाळलं होतं. विसरले असं म्हणून खोटं बोलणार नाही. आज लिहिलंय, हात जड झाला तरी.

तू म्हणतेस मार्च. जूनमध्ये तू म्हणाली होतीस, शाळा रुळू दे. सप्टेंबरमध्ये म्हणालीस, तिला ताप आहे. मार्चनंतर काहीतरी निघेलच. पोरीला आपण जितकं उशिरा सांगू तितकं ते तिला आपल्याकडून फसवणूक वाटेल. पण तू आई आहेस. मी आजी आहे, आणि आजीचा शब्द दुसरा.

माझंही जरा ऐकून घे. मंडळीत दर रविवारी प्रार्थना होते. आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी, आणि जे गेले त्यांच्या घरच्यांसाठी. माझा मुलगा यातल्या कुठल्या ओळीत बसतो? प्रवासात म्हणू? सात महिने मी डोळे मिटून बसते आणि त्याच्यापाशी आले की अडखळते. नवरा गेला तेव्हा लोक आले, बसले, रडले, चहा पिऊन गेले. मुलाच्या वेळी माझ्या दारात कोणी आलंच नाही. काय बोलावं ते त्यांना कळेना. वर्ष उलटायच्या आत एकदा त्याचं नाव मोठ्याने घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

असो. नाव घेणार नाही. शब्द दिला.

फक्त एक सांगते, म्हणजे मन मोकळं होईल. इस्त्रीवालीने लंबूचं नाव कधीच दिलंय. ते मला माझ्या तोंडाने वाचावं लागणार. त्या बाईशी मी मेपासून बोललेले नाही. रस्त्यात दिसली तर मी पलीकडे जाते. तिच्या लंबूनेच आपल्या पोराला त्या बोगद्याच्या कामावर नेलं. तो नसता तर आपला अजून सुतारकाम करत असता, बापासारखा. वर्ष संपताना मनातली अढी काढून टाकावी असं पाळकसाहेब दर वेळी सांगतात. त्यांचं बरं आहे, त्यांना मूल नाही. हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही.

चिमीला रंगीत खडू पाठवलेत. भिंतीवर काढू देऊ नकोस.

तुझी,
आई


२२ डिसेंबर

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

शब्द दिलात, खूप बरं वाटलं. खडू मिळाले. भिंतीवर काढून झालं.

आता मला एक सांगायलाच हवं. गप्प राहिले तर तुम्ही त्या बाईला जन्मभर बोल लावाल.

कामावर लंबूने नेलं हे खरं. पण अपघाताच्या आदल्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला होता. ताटावर बसून म्हणाला की वरून पाणी झिरपायला लागलंय, लाकडी टेकू रात्रीतून वाकलेले दिसतात, मी उद्यापासून जाणार नाही. ह्यांनी त्याची टर उडवली. म्हणाले, एवढा ताडमाड वाढलास आणि काळीज चिमणीचं ठेवलंस. मग जरा समजावून सांगितलं, की एक महिना थांब, दोघं मिळून सोडू, एकट्याने सोडलंस तर मला नवीन जोडीदार देतील आणि तो कसा निघेल कोण जाणे. लंबूने ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाला, बरं.

आणि आई, त्या चिमणीच्या काळजावर मी हसले होते. मोठ्याने. भाजी वाढता वाढता.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. त्या बाईचं तोंड आठवलं की मला जेवण जात नाही. तिला तो एकटाच होता. तिला सांगा किंवा सांगू नका, पण रस्त्याच्या पलीकडे जाऊ नका.

माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसं स्पष्ट लिहा.

तुमची,
सून


१ जानेवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल संध्याकाळी फोन केला तेव्हा तू सगळं ऐकून घेतलंस आणि एक शब्द न बोलता ठेवलास. बोलली असतीस तर बरं झालं असतं. म्हणून आज नीट लिहिते. मी शब्द मोडला. तो कसा मोडला हे तुला कळायला हवं.

तुझं पत्र आल्यावर मी इस्त्रीवालीकडे जाणार होते. तीन दिवस चपला घालत होते आणि काढत होते. शेवटी गेलेच नाही. म्हटलं, उपासना झाल्यावर बघू.

चार वाजता उपासना सुरू झाली. थंडी होती, लोक कोट घालूनच बसले होते. मी व्यासपीठावर गेले. माझ्या हातातल्या कागदावर तेराच नावं होती, हे तुला शपथेवर सांगते. पहिलं नाव घेतलं, एक अख्खा बाक उठला. दुसऱ्याला सात जण. म्हाताऱ्या पोस्टमनच्या नावाला त्याच्या चारही मुली उठल्या, एकमेकींचे हात धरून. नववं नाव लंबूचं होतं.

ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर होती. उठली. एकटीच. तिच्या शेजारी कोणी नाही, पुढे कोणी नाही. आणि ती माझ्याकडे बघू लागली. आधी वाटलं रागाने बघतेय. पण ती वाट बघत होती. दोघं एकत्र आत गेले, तेव्हा पुढचं नाव आपल्याच पोराचं असणार, असं तिला वाटत होतं. मी दहावं वाचलं. अकरावं वाचलं. ती बघतच होती. तेरावं संपवून मी कागदाची घडी घातली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिच्या चेहऱ्यावर आशा आली, सूनबाई. हिने आपल्या मुलाचं नाव घेतलं नाही, म्हणजे हिला काहीतरी कळलंय. एक जिवंत असेल तर दुसराही असेल. तिने पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि तिचे ओठ हलायला लागले.

मी गप्प राहून तिला खोटं सांगत होते. सात महिन्यांनी जणू तिच्या दारात उभी राहिले ती असली खोटी बातमी घेऊन.

मी त्याचं नाव घेतलं. कागदावर नव्हतं तरी घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग खाली उतरले आणि सगळ्या बाकांमधून चालत जाऊन तिच्याशेजारी उभी राहिले. तुझ्या भावाची पोरं तिसऱ्या बाकावर होती. त्यांच्या अंगावरून जाताना मला तुझी आठवण झाली, पण नाव घेऊन झालं होतं.

बाहेर पडताना मी तिला सांगितलं, तुझा पोरगा काम सोडणार होता, माझ्या पोराने त्याला थांबवलं. ती म्हणाली, मला माहीत आहे. त्याच रविवारी घरी जाऊन त्याने तिला सांगितलं होतं. आणि तीही त्याला म्हणाली होती की मित्र म्हणतोय तर काढ एक महिना. मग तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि थंडी आहे म्हणाली. एवढंच. मेपासून मी तिला मनातून काय काय बोलले, आणि तिने मंडळीत कोणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

आज सकाळी नव्या वर्षाची प्रार्थना झाली. गेलेल्यांच्या घरच्यांसाठी पाळकसाहेबांनी देवाजवळ मागितलं तेव्हा मी पहिल्यांदा अडखळले नाही. रडले मात्र. लोक घरी आले होते. दुपारी कोणीतरी चूल पेटवून दिली.

तुझी माफी मागते. पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा नाव घेईन, हेही तुझ्यापासून लपवत नाही. तू हसलीस म्हणून तो मेला नाही. माया तशीच आहे. तुझी असेल का, ते विचारायची माझी हिंमत नाही.

तुझी,
आई


९ जानेवारी

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

आठ दिवस लिहिलं नाही, कारण जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. राग आहे. तुम्ही पाहिलंत ते मी पाहिलं असतं तर काय केलं असतं, हा विचार करते आणि तरीही राग आहे. दोन्ही एकदम असतं, त्याला मी काय करू?

भाऊ आणि वहिनी दोन तारखेला परतणार होते. म्हणून एक तारखेला सकाळीच, वेणी घालताना, मी चिमीला सांगितलं. तोंड पलीकडे असताना सांगणं सोपं जाईल असं वाटलं. नाही गेलं. बोगदा म्हणजे काय ते तिला माहीत होतं, खडूंनी डोंगर काढून त्यात काळा गोल काढून दाखवला. मी म्हटलं, हो, तसाच. बाबा त्याच्या आत आहेत आणि ते आता बाहेर येणार नाहीत. ती रडली नाही. दुसरी वेणी घालायची राहिली आहे म्हणाली. मी घातली. शाळेला सुट्टी होती, तरी दप्तर पाठीला लावून दुपारपर्यंत फिरत होती.

आता रोज एकच विचारते. आत उजेड आहे का? जेवताना विचारते, आंघोळ करताना विचारते. आहे म्हटलं तर म्हणेल, मग ते बाहेर का येत नाहीत. नाही म्हटलं तर काय होईल ते मला माहीत आहे, कारण मी स्वतः तेच मनात आणून जागी राहते. देवाकडे उजेड असतो असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, देवाकडचं नाही, आतलं विचारतेय.

तुम्ही एवढं वाचलंय. कुठे याचं उत्तर असेल तर लिहून कळवा. आणि नसेल तर लिहू नका, या. सकाळची बस आहे, पुढची सीट मागून घ्या. तिने विचारलं की निदान आपण दोघी असू.

वाट बघते आहे.

तुमची,
सून